डब्यावरचा डब्ल्यू

परफॉर्मन्स कारसाठी घेतलेल्या इंजिन ऑइलच्या डब्यावर वाचायला पुष्कळ असते. पुढे ठळक अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’, त्याखाली ‘०डब्ल्यू-४०’ किंवा ‘५डब्ल्यू-४०’. डबा फिरवला की मागे बारीक टायपात ‘पोर्श ए४०’, ‘बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१’, ‘एमबी २२९.५’ अशी नावे. यातले आपल्या गाडीला काय चालेल, हा गाडीवाल्याचा प्रश्न. शब्दांच्या नादी लागलेल्याला त्याआधी दुसराच प्रश्न पडतो, की एवढ्या अक्षरांत तेल नेमके कुठे आहे? दोन्ही प्रश्नांची वाट बऱ्याच लांबपर्यंत एकच असावी, असे मला दिसते.

‘तेल’ प्राकृतातल्या ‘तेल्ल’वरून आले, ते संस्कृत ‘तैल’वरून, आणि तैल म्हणजे तिलाचे. त्या हिशेबाने तिळाचे तेल ही द्विरुक्ती झाली आणि मोहरीचे तेल हा वदतोव्याघात. जुन्या वैयाकरणांनाही हे टोचले असावे. त्यांनी तोड अशी काढली, की ‘तैलच्’ हा एक प्रत्ययच मानला, अर्थ ‘स्नेह’. मग एरंडतैल, इंगुदतैल बिनदिक्कत म्हणता येते आणि तिळाची अडचण उरत नाही. मराठीने हा प्रत्यय झिजवून नुसता ‘-एल’ ठेवला: खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडीचे ते उंडेल. या ओळीत एक पाहुणा इतका बेमालूम येऊन बसला आहे, की त्याच्या परकेपणाचा संशयही येत नाही. तो म्हणजे रॉकेल. मूळ इंग्रजी ‘रॉक ऑइल’. पण आपल्या कानाला तो ‘रॉक’ नावाच्या कुठल्याशा बीचे ‘-एल’ वाटावा, असा खोबरेलाच्या शेजारी शोभतो. रॉक ऑइल हे तरी काय, तर ‘पेट्रोलियम’चेच भाषांतर: ‘पेत्रा’ म्हणजे खडक आणि ‘ओलेउम’ म्हणजे तेल. जर्मन खनिजतज्ज्ञ अग्रिकोला याने १५४६ सालच्या ग्रंथात हा शब्द वापरला. आपल्याकडे रॉकेलला घासलेट असेही म्हणतात. ते ‘गॅसलाइट’वरून आले असावे, त्यात घासही नाही आणि लेटणेही नाही.

लॅटिन ‘ओलेउम’ ग्रीक ‘एलाइओन’वरून आले आणि एलाइओन म्हणजे ऑलिव्हचे. आपण तिळावरून जे केले, तेच त्यांनी ऑलिव्हवरून केले. तमिळमध्ये तेलाला ‘एण्णेय्’ म्हणतात. त्याची फोड ‘एळ्’ म्हणजे तीळ आणि ‘नेय्’ म्हणजे तूप अशी. कन्नड ‘एण्णे’ त्याचाच भाऊ. म्हणजे विंध्याच्या दोन्ही बाजूंना तीळच तेलाचा धनी. अरबीत ‘झैत’ म्हणजे तेल आणि ‘झैतून’ म्हणजे ऑलिव्ह. तेच ‘अझ्-झैत’ स्पेनमध्ये ‘आसेइते’ झाले, त्यामुळे माद्रिदच्या गॅरेजात गाडीचे ऑइल बदलताना आजही ऑलिव्हचेच नाव घेतले जाते. उलटा प्रवास फक्त मेसोपोटेमियात झालेला दिसतो. अक्कादी भाषेत तिळाला जे नाव होते, त्याचा अर्थ ‘तेलाची वनस्पती’ असा लावतात. त्यावरून ग्रीक ‘सेसामोन’ आणि इंग्रजी ‘सेसमी’. तिकडे तेलाने तिळाला नाव दिले, इकडे तिळाने तेलाला.

आता डब्यातला खरा माल. उंची सिंथेटिक ऑइलचे बेस ऑइल बऱ्याचदा पीएओ म्हणजे पॉलि-आल्फा-ओलेफिन असते. एथिलीन या वायूपासून लांब साखळ्या बांधत जाऊन ते तयार करतात. निसर्गाशी याचा काय संबंध, असे वाटेल. पण ‘ओलेफिन’ शब्द उकलून पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस डच रसायनज्ञांनी एथिलीनचा क्लोरीनशी संयोग घडवला, तेव्हा तेलासारखा द्रव मिळाला. म्हणून त्या वायूला ‘तेल करणारा’ अशा अर्थाचे ‘ओलेफियंट’ हे नाव पडले आणि त्यावरून ओलेफिन. प्रयोगशाळेत रेणू रेणू जोडून केलेल्या तेलाच्या नावातही ग्रीकांचे ऑलिव्हचे झाड उभेच आहे.

‘सिंथेटिक’चे काय? ग्रीक ‘सिन्’ म्हणजे एकत्र आणि ‘तिथेनाइ’ म्हणजे ठेवणे. हा ‘तिथेनाइ’ आपल्या ‘धा’ धातूचा सख्खा भाऊ. ‘धा’ला ‘सम्’ लावला की संधी, संधान आणि संहिता. तेव्हा सिंथेटिकचा घडणीने जवळचा संस्कृत प्रतिशब्द ‘संहित’ ठरावा. परिभाषाकारांनी ‘संश्लेषित’ पत्करला. त्यात ‘श्लिष्’, म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटू नयेत यासाठी असलेल्या पदार्थाला हे विशेषण लागावे, याची मला मौज वाटते. बोलण्यात मात्र ‘कृत्रिम’ येतो. हा शब्द मुळात निर्मळ आहे: कृतीने झालेले, एवढाच अर्थ. धर्मशास्त्रातल्या पुत्रांच्या प्रकारांत ‘कृत्रिम पुत्र’ येतो, तो मानलेला, स्वीकारलेला मुलगा, खोटा नव्हे. पुढे कधीतरी त्यात बनावटीचा वास शिरला आणि पत्रांतून ‘अकृत्रिम स्नेह’ वाढू लागला. स्नेह म्हणजे तेलही. त्यामुळे सिंथेटिक ऑइलला शुद्ध संस्कृतात ‘कृत्रिम स्नेह’ म्हणावे लागेल, आणि ते कुणाला सांगवणार नाही.

‘सिंथेटिक’चा अर्थ काय, यावर दोन तेल कंपन्यांत भांडणही झाले आहे. नव्वदच्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या ‘सिंटेक’ या ऑइलमधले पीएओ काढले आणि त्या जागी खनिज तेलावरच हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून मिळालेले बेस ऑइल घातले. त्याला ‘ग्रुप ३’ म्हणतात. पीएओ ‘ग्रुप ४’ आणि एस्टर वगैरे ‘ग्रुप ५’. डब्यावर ‘सिंथेटिक’ तसेच राहिले. मोबिलने अमेरिकेत जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली. लहान रेणू जोडून बांधले तरच ते सिंथेटिक, असे मोबिलचे म्हणणे. रासायनिक क्रियेने रेणूंची रचना बदलली तरी तेही सिंथेटिकच, असे कॅस्ट्रॉलचे. १९९९ साली निवाडा कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिले तर मोबिलची बाजू जड होती, कारण ‘सिन्’मध्ये एकत्र आणणे आहे, नुसते बदलणे नाही. पण व्युत्पत्ती पाहून निवाडे होत नसतात. ग्रुप ३ वाईट असतो असेही नाही. चांगल्या ग्रुप ३चे ऑइल पुष्कळ गाड्यांना उत्तम चालते. एवढेच, की डब्यावरच्या सर्वांत मोठ्या अक्षरांतल्या शब्दावरून डब्यात काय आहे हे त्या वर्षापासून कळेनासे झाले.

मग ग्रेडकडे वळू. ‘०डब्ल्यू-४०’ मधला डब्ल्यू ‘वेट’चा, म्हणजे वजनाचा, असा समज गॅरेजांतून सर्रास आढळतो. तो ‘विंटर’चा आहे. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने, म्हणजे एसएईने, १९११ साली तेलांचे पहिले वर्गीकरण केले. हिवाळ्याचा डब्ल्यू त्यात नंतर आला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा उष्णतेचा. ० असेल तर उणे ३५ अंशांवर, ५ असेल तर उणे ३० अंशांवर इंजिन फिरवता येईल इतके ते तेल वाहते राहिले पाहिजे.

इथे स्नेहाकडे पुन्हा यावे लागते. ‘स्निह्’ धातू आणि इंग्रजी ‘स्नो’, लॅटिन ‘निक्स’ हे बर्फवाचक शब्द एकाच मुळाचे असावेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ओलसर, चिकट, अंगाला लागून राहणारे असा काहीसा मूळ अर्थ असावा. उत्तरेकडच्यांना त्यात हिम दिसले, आपल्याला तेल आणि माया. गोष्ट इथेच संपत नाही. तेलाच्या दाटीला, म्हणजे व्हिस्कॉसिटीला, मराठीत काही ठिकाणी ‘विष्यंदिता’ म्हटलेले आढळते. ते मला पटत नाही, कारण ‘स्यंद्’ म्हणजे वाहणे आणि मोजायचा असतो तो वाहण्याला होणारा विरोध. दुसरा शब्द ‘श्यानता’, तो फार नेमका आहे. ‘श्यै’ म्हणजे थिजणे. पाणिनीने या धातूच्या रूपांसाठी एक सूत्र खर्च केले आहे. द्रवाचे घट्ट होणे किंवा स्पर्श हा अर्थ असेल तर ‘श्या’चा ‘शी’ होतो. म्हणून थिजलेले तूप ‘शीन’ आणि गार वारा ‘शीत’. इतरत्र ‘श्यान’ तसाच राहतो, आणि त्यासाठी टीकाकारांनी दिलेले उदाहरण आखडून बसलेल्या विंचवाचे आहे. थंडी आणि दाटी एकाच धातूच्या पोटची. एसएईच्या तक्त्याला जे सांगायला डब्ल्यू लागला, ते ‘श्यै’मध्ये आधीच होते. इंग्रजांच्या ‘व्हिस्कॉसिटी’त मात्र हवामान नाही. ‘व्हिस्कुम’ हे एका बांडगुळाचे नाव. त्याच्या फळांचा चीक फांदीला लावून पक्षी धरीत. ‘व्हिस्कस’ म्हणजे त्या चिकासारखे.

पुण्यात पारा कितीही उतरला तरी उणे ३५ अंश कुणी पाहणार नाही, मग शून्याचा सोस कशाला, असे विचारणारे असतात. प्रश्न रास्त आहे, पण इंजिनाची थंडी आपल्या थंडीहून निराळी. चालू इंजिनात तेल १०० अंशांच्या आसपास असते. तेच तेल ४० अंशांवर पाचसहा पट दाट असते, आणि सकाळी गाडी उभ्या जागी २० अंशांवर असते तेव्हा त्याहून कितीतरी दाट. सुरू झाल्यावरचे पहिले काही क्षण, तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत पोचेतो, मुंबईतही हिवाळाच असतो. म्हणून डब्ल्यूपूर्वीचा आकडा लहान असणे आपल्याकडेही गैर नाही. फक्त त्यासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न.

उष्णतेचा आकडा जास्त अवघड. ‘४०’ म्हणजे १०० अंशांवर तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात. ‘३०’ म्हणजे ९.३ ते १२.५. पण वेगवान गाडीच्या बेअरिंगमध्ये तेल १०० अंशांवर स्वस्थ पडून नसते, ते दोन धातूंमध्ये कातरले जात असते. म्हणून १५० अंशांवर, जोराच्या कातरणीखाली आणखी एक मोजणी करतात. ०डब्ल्यू-४० ला तिथे निदान ३.५ सेंटिपॉइज टिकवावे लागतात, ‘३०’ला २.९, ‘२०’ला २.६. हा आकडा डब्यावर सहसा छापत नाहीत, आणि दामटून चालवायच्या गाडीला मोलाचा तोच.

‘गाडी पळवायची तर जाड ऑइल टाका’ हा जुना उपदेश इथे तपासून घ्यावा. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम-थ्रीला, तिच्या एस५४ इंजिनाला, कंपनीनेच १०डब्ल्यू-६० सांगितले होते. ते चढ्या फेऱ्यांवर धावणारे इंजिन, आणि त्याच्या बेअरिंगांचा लौकिक नाजूक. टोयोटाची जीआर यारिस तीन सिलिंडरांची, टर्बोवाली, रॅलीच्या मुशीतली. तिला कंपनी ०डब्ल्यू-२० सांगते. दोघी परफॉर्मन्स कारच. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, तेल थंड ठेवण्याची सोय, सगळे एका ठरावीक दाटीभोवती बेतलेले असते. ‘परफॉर्मन्स’चा मूळ फ्रेंच धातू ‘पारफुर्निर’ होता, ‘पुरते पुरवणे’ अशा अर्थाचा. त्यातला ‘फुर्निर’ आपल्या ओळखीच्या फर्निचरमध्ये आहे. ‘फॉर्म’चा शिरकाव मागाहून, कानाच्या चुकीने झालेला दिसतो. तेलाकडून हवा असतो तो परफॉर्मन्स या जुन्याच अर्थाचा: जिथे हवे तिथे पुरते पोचणे. जीआर यारिसच्या अरुंद फटींत ‘६०’ घातले तर नेमके हेच बिनसेल.

आपल्या बैलगाडीला डब्ल्यू नव्हता, पण वंगण होते. हा शब्द मला बरेच दिवस छळत होता. गुजरातीत वंगणाला ‘ऊंजण’ म्हणतात, हिंदीत गाडीच्या वंगणाला ‘औंगन’. तिघांना एका रांगेत उभे केले की संस्कृत ‘उपांजन’ दिसू लागते. धातू ‘अञ्ज्’, म्हणजे माखणे. अंजन, अभ्यंग, व्यंजन ही त्याचीच संतती. ‘उपांजन’चे प्राकृतात ‘उवंजण’ होते, आणि ते केवळ कल्पनेतले रूप नाही. जैन आगमांत ‘अक्खोवंजण’ असा शब्द येतो, म्हणजे अक्षाला, गाडीच्या आसाला लावायचे तेल. साधूने अन्न घ्यावे ते आसाला वंगण घालावे इतकेच, भार पल्ल्याला पोचण्यापुरते, असा दाखला तिथे आहे, आणि पाली सुत्तांतही तोच येतो. ‘उवंजण’वरून गुजराती ‘ऊंजण’ सरळ निघते. मराठी-हिंदीतला ‘ग’ मात्र अभ्यंगातल्या ‘ग’चा सोबती असावा, ‘उवंगण’ असे रूप धरले, तर आद्य ‘उ’ गळून ‘वंगण’ आणि ‘उव’चा ‘औ’ होऊन ‘औंगन’, असा माझा तर्क. हाच ‘अञ्ज्’ लॅटिनमध्ये ‘उंगुएरे’ आहे, त्यावरून इंग्रजी ‘ऑइंटमेंट’. त्यात ‘ऑइल’ ऐकू येते, पण ते तिथे नाही.

अक्षाची ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातही वंगणापाशीच येते. बीचम टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८३च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला पाडलेल्या छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळू लागले. त्याने बूच मारले, तर ते हळूहळू बाहेर ढकलले गेले. फिरता आस तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ओढून घेतो आणि त्या दाबाने दोघे एकमेकांपासून अलग राहतात, हे तेव्हा कळले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. इंजिनातला क्रँकशाफ्ट असाच, केसाहून कितीतरी पातळ थरावर, धातूला न शिवता फिरत असतो.

एरंडेलाला वगळून हा विषय पुरा होत नाही. आता एरंडाचे गुऱ्हाळ म्हणाल तर म्हणा. चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९च्या सुमारास मोटारींच्या तेलात एरंडेल, म्हणजे कॅस्टर ऑइल, मिसळले आणि त्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ नाव दिले. पुढे कंपनीनेच ते नाव घेतले. एरंडेल धातूला चिकटून राहते आणि पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिने त्याच्यावरच चालत, आणि उडालेले तेल नाकातोंडात जाऊन वैमानिकांची पोटे बिघडत, असे सांगतात. ‘कॅस्टर’ हे नाव कसे पडले यावर एकमत नाही. ग्रीक ‘कास्तोर’ म्हणजे बीव्हर हा प्राणी. त्याच्या ग्रंथींचे औषध ‘कास्तोरेउम’, आणि त्याच्या जागी हे तेल वापरू लागले म्हणून ते नाव आले असावे, असा एक तर्क. संस्कृत ‘कस्तूरी’ही याच ग्रीक शब्दावरून आली असावी, असे काही जण मानतात. ते खरे असेल तर मृगाच्या नाभीतली कस्तूरी आणि गॅरेजातला कॅस्ट्रॉलचा डबा ही लांबची भावंडे होत.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने एरंडेल हे एस्टर आहे, आणि आजच्या रेसिंगच्या महाग ऑइलमध्ये एस्टरच घालतात. सुरुवातीच्या जेट इंजिनांच्या सिंथेटिक तेलांत जे सेबॅकिक आम्ल लागे, ते काढत एरंडेलातूनच. कृत्रिम कशाला म्हणायचे, हा गोंधळ इथे पुरा होतो. ‘एस्टर’ शब्द ग्मेलिन या जर्मन रसायनज्ञाने १८४८ साली ‘एसिश-एथर’, म्हणजे सिरक्याचा ईथर, या नावाला चेपून केला. ईथर ग्रीक ‘आइथेइन’वरून, म्हणजे जळणे, आणि ते आपल्या ‘इंध्’चे नातलग. वंगणाच्या शब्दात इंधन लपले आहे.

फारसीत तेला-तुपाला ‘रोगन’ म्हणतात, आणि इराणात इंजिन ऑइलला ‘रोगन-ए-मोतोर’. मराठीत तो शब्द आला तो ‘रोगण’ होऊन, आणि अर्थ उरला लाकडाला लावायच्या व्हार्निशचा. जास्त तापलेले, जुने झालेले ऑइल पिस्टनच्या कडांवर तपकिरी चकचकीत पुट धरते. इंजिनिअर त्यालाही व्हार्निशच म्हणतात. तेव्हा बदलायचे राहून गेलेले रोगन इंजिनात अगदी मराठी अर्थाने रोगण होते. पीएओ आणि एस्टर उष्णतेत उशिरा विटतात, हे त्यांचे खरे मोल. टर्बोवाल्या गाडीत ते चटकन कळून येते.

राहता राहिला डब्याच्या मागचा बारीक मजकूर. ‘ए४०’ ही पोर्शची परीक्षा. तिच्या यादीत ०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४०ची तेले सापडतात. गाडीच्या पुस्तकात ती मागितली असेल तर डब्यावर ती कोणत्या क्रियापदासह छापली आहे, हे पाहायचे. आपल्याकडे त्यासाठी दोन आयते शब्द आहेत. ‘मंजूर’ अरबी ‘नजर’च्या घरातला, मूळ अर्थ ‘पाहिलेला’, नजरेखालून गेलेला. ‘शिफारस’ फारसी ‘सिपुर्दन’च्या गोतातली, ‘सुपूर्द’ची बहीण, तिच्यात हवाली करणे आहे, पाहणे नाही. ‘ए४० मंजूर’ अशा अर्थाची ओळ असेल, तर ते तेल पोर्शने तपासले आहे. ‘ए४० लागणाऱ्या गाड्यांसाठी शिफारस’ असे असेल, तर शिफारस करणारी ती तेल विकणारीच कंपनी, आणि पोर्शने तो डबा पाहिलेला असेलच असे नाही.